संगणकाचा आजार लपवू नका

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. चौऱ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक नेहमीच्या तपासणीसाठी दवाखान्यात आले. त्यांचा रक्तदाब आणि मधुमेह दहा वर्षांपासून माझ्या उपचाराखाली आहे आणि दोन्ही बऱ्यापैकी आटोक्यात होते. त्या दिवशी मात्र रक्तदाब १७२/९८ भरला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. उपाशीपोटीची साखरही दोनशेच्या वर गेली होती.

"सर, गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मधुमेहाची गोळी तीन आठवड्यांपासून बंद केली आहे, डॉक्टर. तिनं मूत्रपिंड खराब होतं असं वाचलं. एकवीस दिवसांचं एक चूर्ण मागवलंय."

"कुठे वाचलंत?"

"मी संगणकावर तुमच्या गोळीचंच नाव टाइप केलं होतं. पण हल्ली काहीही टाइप केलं तरी भलतीच पानं उघडतात."

हे शेवटचे वाक्य ते सहज बोलून गेले. पण त्यांच्या वाढलेल्या साखरेचे मूळ त्यातच होते. अधिक विचारल्यावर बाकीची हकीकत कळली. संगणक सुरू केला की कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात पाच विषाणू आढळले' अशा पाट्या झळकत. एकदा तर संपूर्ण पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि 'ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असा आदेश आला. सरांनी घाबरून वायर ओढून काढली आणि संगणकावर चादर टाकली. त्यांची पत्नी पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेली आहे. मुलगी परगावी असते. दर रविवारी संगणकावरून ती आईशी समोरासमोर बोलत असे. तेही बंद झाले. मुलीला त्यांनी सांगितले, "नेट बंद आहे."

"खरं का सांगितलं नाहीत?"

"ती म्हणेल, बाबा, नको तिथे कशाला हात लावता?"

हा लेख मी त्या उत्तरामुळे लिहीत आहे. संगणकाला झालेली बाधा तासा-दीड तासात काढता येते. ती लपवून ठेवल्याने होणारे नुकसान मात्र शरीरापर्यंत पोहोचते.

हा आजार नेमका काय आहे?

ज्या प्रोग्राममधून आपण इंटरनेटवरील पाने पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, एज, फायरफॉक्स ही त्यांची नावे आपल्या ओळखीची आहेत. काही लबाड प्रोग्राम या ब्राउझरचा ताबा घेतात. आपण ठरवलेले पहिले पान ते बदलतात, शोध घेण्याचे साधन बदलतात आणि आपण विचारलेल्या प्रश्नाला स्वतःच्या सोयीची उत्तरे दाखवतात. त्यांचा हेतू बहुधा आपला संगणक मोडण्याचा नसतो. आपण उघडलेल्या प्रत्येक जाहिरातीमागे कोणाला तरी पैसे मिळतात, आणि त्यासाठी हा खटाटोप असतो. पोटातील जंत रोग्याला मारत नाही, पण त्याच्या अन्नावर पोसतो, तसाच हा प्रकार.

मात्र ज्याच्या हाती आपला ब्राउझर गेला, तो आपण काय शोधतो ते पाहू शकतो आणि पुढे अधिक घातक प्रोग्रामही आत घुसवू शकतो. २०१७ साली 'फायरबॉल' नावाच्या अशाच एका प्रोग्रामचा बोभाटा झाला होता. जगभरात पंचवीस कोटी आणि एकट्या भारतात अडीच कोटींहून अधिक संगणक बाधित असल्याचा अंदाज चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीने वर्तवला. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगलेला असावा असे म्हटले. पण धोका खरा आहे, हे तिनेही मान्य केले. सांगायचे इतकेच, की ही वेळ फक्त आपल्यावर आलेली नाही. तिचा वयाशी किंवा बुद्धीशीही संबंध नाही.

हा प्रोग्राम आत येतो तो बहुतेक वेळा पाहुण्याच्या मागून. आपण एखादे मोफत साधन उतरवून घेतो: पीडीएफ फाइल बदलणारे, व्हिडिओ उतरवणारे, पंचांग दाखवणारे. ते बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो आणि त्याच्यासोबत दुसरेच काही बसते. कधी एखादे पान 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असे म्हणते. आपण ते दाबतो, आणि त्या क्षणापासून त्या पानाला आपल्या पडद्यावर पाट्या झळकवण्याची परवानगी मिळते.

भोंगा वाजला तर

ती लाल पडद्याची सूचना खरी नसते. ते इंटरनेटवरचे एक साधे पान असते, फक्त मोठे केलेले. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन क्रमांक कधीच नसतो. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी बहुतेक फसवणूक टळेल.

अशा वेळी प्रथम आवाज बंद करावा. मग 'एस्केप' ही कळ काही क्षण दाबून धरावी. पडदा लहान झाला तर ते पान बंद करावे. न झाल्यास 'ऑल्ट' आणि 'एफ-४' या कळा एकत्र दाबाव्यात. तेही जमले नाही, तर संगणक चालू करण्याचे बटण आठ-दहा सेकंद दाबून तो बंद करावा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर 'आधीची पाने उघडू का?' असे विचारेल, तेव्हा नकार द्यावा. त्या क्रमांकावर फोन मात्र करू नये. पलीकडचा मनुष्य गोड बोलून संगणक दुरून चालवण्याचा प्रोग्राम बसवायला सांगतो, आणि खऱ्या अर्थाने चोरी तिथून सुरू होते.

भोंग्याने छाती धडधडली, हाताला घाम आला, तर खुर्चीवरून उठून पाणी प्यावे आणि संथ श्वास घेत पाच-दहा मिनिटे बसावे. भीतीने रक्तदाब तात्पुरता चढतोच. त्या क्षणी मोजलेल्या आकड्यावरून स्वतःच्या मनाने जादा गोळी घेऊ नये. पण छातीत दुखणे, दम लागणे, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काही झाले, तर ते भीतीमुळेच आहे असे गृहीत न धरता तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपचार: एका संध्याकाळचे काम

सरांच्या पत्नीच्या पाठीला शय्याव्रण झाल्याने मी त्यांच्या घरी जात होतो. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची महाविद्यालयात शिकणारी मुलगी आली आणि माझ्या आग्रहावरून सरांनी मुलीलाही फोन लावला. मुलगी रागावली नाही. "बाबा, माझ्या ऑफिसातल्या संगणकालाही हे झालं होतं," एवढेच म्हणाली. मग फोनवरून ती सांगत गेली, शेजारची मुलगी करत गेली, आणि मी शेजारी बसून टिपून घेतले. तोच क्रम येथे देत आहे. आपल्याकडे विंडोजचा संगणक आणि क्रोम ब्राउझर आहे असे धरले आहे. इतर ब्राउझरमध्ये नावे थोडी वेगळी असली तरी क्रम हाच.

पूर्वेतिहास. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला आणि त्याच्या आसपास काय उतरवून घेतले होते, हे आठवावे. सरांना आठवले: निवृत्तिवेतनाचा एक अर्ज भरण्यासाठी त्यांनी पीडीएफ बदलणारे मोफत साधन घेतले होते. निम्मे निदान तिथेच झाले. स्वच्छता पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावर बँकेचा कोणताही व्यवहार करू नये.

पाट्यांची परवानगी काढणे. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवरून 'सेटिंग्ज', त्यात 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज' आणि 'नोटिफिकेशन्स' उघडावे. परवानगी मिळालेल्या पानांची यादी दिसते. ओळखीची नसलेली सर्व नावे काढून टाकावीत. सरांच्या यादीत अशी चौदा नावे होती. ती काढताच कोपऱ्यातील पाट्या थांबल्या. अनेक घरांत आजार एवढाच असतो.

घुसलेला प्रोग्राम काढणे. संगणकाच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' असते. जुन्या विंडोजमध्ये याला 'अ‍ॅप्स अँड फीचर्स' म्हणतात. तेथील यादी तारखेनुसार लावता येते. ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवशीचे अनोळखी प्रोग्राम 'अनइन्स्टॉल' करावेत. पीडीएफच्या साधनासोबत त्याच तारखेला आणखी एक प्रोग्राम बसलेला आढळला. सरांनी त्याचे नावही ऐकले नव्हते. येथे घाई करू नये. प्रिंटर, ध्वनी, कीबोर्ड यांना लागणारे प्रोग्रामही याच यादीत असतात. शंका वाटल्यास नाव लिहून घ्यावे आणि जाणकाराला विचारूनच हात लावावा.

ब्राउझरमधील जोडण्या पाहणे. तीन टिंबांवरून 'एक्स्टेन्शन्स', मग 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' उघडावे. आपण स्वतः न घेतलेली प्रत्येक जोडणी 'रिमूव्ह' करावी.

ब्राउझर मूळपदावर आणणे. 'सेटिंग्ज'मध्ये 'रिसेट सेटिंग्ज' असा भाग आहे. त्याने पहिले पान आणि शोधसाधन पूर्ववत होते व जोडण्या बंद पडतात. अनेक ज्येष्ठ याला घाबरतात. पण त्याने फोटो, कागदपत्रे, जपून ठेवलेल्या पानांच्या खुणा किंवा साठवलेले पासवर्ड पुसले जात नाहीत. काही ठिकाणी पुन्हा नाव-पासवर्ड द्यावा लागतो, इतकेच. फायरफॉक्समध्ये याच कामासाठी 'रिफ्रेश फायरफॉक्स' असे बटण आहे.

संपूर्ण तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हे संरक्षण आधीपासूनच असते, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'स्कॅन ऑप्शन्स' निवडावे आणि 'फुल स्कॅन' करावा. त्याला तासभर किंवा अधिक वेळही लागतो. रात्री लावून ठेवावा. त्यानंतर तेथीलच 'ऑफलाइन स्कॅन' करावा. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उघडण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे दडलेला प्रोग्रामही सापडण्याची शक्यता वाढते. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'नेही २०१७ पासून मोफत साधने उपलब्ध केली आहेत. मात्र कोणतेही साधन बाधित संगणकावर शोधून घेऊ नये. शोधाचे निकालच बदललेले असतात, तेव्हा औषध म्हणून पुन्हा विषच हाती यायचे. दुसऱ्या, निरोगी उपकरणावर खरा पत्ता पाहावा आणि तो जसाच्या तसा टाइप करावा.

पासवर्ड बदलणे. हे शेवटी करावे आणि शक्यतो दुसऱ्या फोनवरून. प्रथम ईमेलचा, कारण इतर सर्व पासवर्ड त्याच्यामार्फत बदलता येतात, नंतर बँकेचा. ईमेलच्या सुरक्षा-विभागात आपले खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे याची यादी असते. अनोळखी उपकरण दिसल्यास तेथून बाहेर काढावे.

सगळे मिळून स्कॅन सोडता दीड तास लागला. सरांनी चहा केला. मुलीने फोन ठेवून लगेच संगणकावरून कॉल केला आणि आईचा चेहरा पाहिला. त्या माउलीला बोलता येत नाही. पण डावा हात उचलून तिने पडद्याला स्पर्श केला.

पुन्हा उलटला तर

खरूज झाली की आम्ही डॉक्टर घरातील सर्वांना एकाच वेळी औषध लावायला सांगतो. एकालाच लावले तर ती दुसऱ्याकडून परत येते. येथेही तसेच होते. एकाच गूगल खात्याने दोन संगणकांवर क्रोम वापरत असाल, तर एका ठिकाणी काढलेली जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून परत येऊ शकते. म्हणून दोन्ही संगणक एकाच दिवशी स्वच्छ करावेत.

आणखी दोन खुणा आहेत. ब्राउझर उघडताच नेहमी एकच अनोळखी पान येत असेल, तर पडद्यावरील त्याचे चिन्हच बदललेले असू शकते. ते काढून नवे करावे. घरच्या संगणकावर क्रोमच्या यादीत 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असे शब्द दिसले, तर आपल्या वतीने कोणी नियम घालून ठेवले आहेत असा त्याचा अर्थ होतो. काही वेळा विकत घेतलेला अँटीव्हायरसही असे नियम घालतो. पण तसे काही कारण नसेल, तर विश्वासातील तंत्रज्ञाकडे काम सोपवावे. संगणक त्याच्या हाती देण्यापूर्वी फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. संगणक चालतो म्हणून तो सुरक्षित आहे, असे नव्हे. मुलांशी बोलून नव्या प्रणालीचा विचार करावा.

पैसे गेले असतील, किंवा कोणाला आत घेतले असेल तर

आपण त्या क्रमांकावर फोन केला असेल, कार्डाचा तपशील वा ओटीपी सांगितला असेल, संगणक दुरून चालवू दिला असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवावे. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हृदयविकाराच्या झटक्यात जसा पहिला तास मोलाचा, तसाच येथेही. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता असते. "मुलगा संध्याकाळी आला की सांगेन" असे म्हणून थांबू नये.

औषधांविषयी एक विनंती

सरांनी वाचलेली माहिती चुकीची होती. मेटफॉर्मिनने मूत्रपिंड खराब होत नाही. मूत्रपिंडाचे कार्य आधीच मंदावलेले असेल तर तिची मात्रा कमी करावी लागते किंवा ती थांबवावी लागते, आणि ते रक्ततपासणी पाहून ठरवतात. या अर्धसत्याचा आधार घेऊन कोणीतरी चूर्ण विकत होते. त्या डब्यावर घटकांची नावेही नव्हती. सरांनी ते बंद केले, आम्ही मूत्रपिंडाची तपासणी करून गोळी पुन्हा सुरू केली, आणि दोन महिन्यांत साखर पूर्वपदावर आली.

पडद्यावर काहीही वाचलेत, तरी चालू औषध बंद करू नका, अर्धे करू नका, नवे सुरू करू नका. वाचलेला मजकूर कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा. कोणताही भला डॉक्टर त्याबद्दल रागावणार नाही.

काळजीवाहकांसाठी

घरातील ज्येष्ठ व्यक्तीने अचानक संगणक किंवा फोन वापरणे सोडले, विचारल्यावर विषय टाळला, अनोळखी पार्सले येऊ लागली, तर चौकशी करावी, पण उलटतपासणी करू नये. "कशाला हात लावलात?" या एका प्रश्नाने पुढची दहा संकटे तुमच्यापासून लपवली जातात. "हे मलाही होऊ शकतं, चला पाहू" असे म्हणावे. एकदा फसणे हे विस्मरणाच्या आजाराचे लक्षण नव्हे. मात्र हिशेबात वारंवार चुका होणे, तीच बिले पुन्हा भरणे, ओळखीच्या कामात गोंधळ होणे असे बदल नव्याने दिसू लागले असतील, तर ते संगणकाच्या माथी न मारता डॉक्टरांना दाखवावे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यासाठी एवढेच. पोटात दुखू लागले तर आपण मुलांना सांगता. संगणकाचेही तसेच सांगा, त्याच दिवशी सांगा. जवळ कोणी नसेल तर शेजाऱ्यांना सांगा, आणि तेही नसतील तर पुढच्या तपासणीला येताना डॉक्टरांच्या कानावर घाला. सर आता दर महिन्याला आपल्या औषधांच्या यादीखाली एक ओळ लिहून आणतात: 'संगणक ठीक.' रक्तदाब मोजण्याआधी मी ती वाचतो.